नजरी नकाशा

गट क्रमांक एकशे सतरा. दिघा, खदानीलगतची वस्ती.
पूर्वेला अर्धा कापलेला डोंगर,
पश्चिमेला कंपनीची भिंत,
दक्षिणेला नाला.
उत्तरेला काल मी सायकलचं दुकान काढलं होतं,
आज ते जागेवर नाही.
खोडरबर शाळेत राहिलंय,
म्हणून दुकान असू दिलं.

प्रशिक्षणात पाटणकर सर म्हणाले होते,
कुटुंब म्हणजे नातं नव्हे, मॅडम, कुटुंब म्हणजे चूल.
इथे एका शेगडीवर अकराजण जेवतात
पाळ्यांप्रमाणे,
आणि एकमेकांची आडनावं विचारून घेतात
माझ्यादेखत, पहिल्यांदाच.

एका खोलीला दार नव्हतं, पडदा होता.
गेरू हातात धरून मी उभी.
पडद्यावर आकडा कसा घालायचा
हे पुस्तिकेत नाही.
बाई म्हणाली, उंबऱ्यावर घाला,
मी पाय देणार नाही.

घर त्रेचाळीस. सोनपती निषाद.
वय? तिनं मुलाकडे पाहिलं. साठ लिहा, तो म्हणाला.
बासष्ट, ती म्हणाली. मग कशाला बघितलंस?
जन्माचा जिल्हा?
बस्ती.
मुलगा पत्र्याआडून ओरडला, बस्ती नाही अम्मा, सिद्धार्थनगर,
माझ्या दाखल्यावर तेच आहे.
नातू मोबाइलमधून मान वर न काढता:
संत कबीर नगर. माझ्या आधारवर बघा.

तिघं एकाच गावचे.
एकाच खोलीत, एकाच दाईच्या हातावर.
मी विचारलं, घर हलवलंत का मध्ये?
सोनपती तांदूळ निवडत होती.
घर कुठलं हलतंय, म्हणाली,
कचेरी हलली.
आधी तहसील बांसी आपली होती, मग नाही म्हणाले.
लेखपाल आला, खांबावर पाटी ठोकून गेला.
म्हैस त्याच खांबाला बांधतो आम्ही.

नियम असा की आजची हद्द धरायची.
म्हणजे संत कबीर नगर, तिघांनाही.
ती ऐकेना.
मी जन्मले तेव्हा ते नाव
कुणाच्या तोंडी नव्हतं,
मग मी तिथे जन्मले कशी?

मी गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं. सुलटं केलं.
भोये, म. न. पा. शाळा.
माझं गाव मोखाड्यात.
शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, जिल्हा ठाणे.
बाबा ठाण्याला जायचे तर दोन दिवसांचं काम,
भाकरी बांधून कसाऱ्यापर्यंत एसटी,
साहेब रजेवर असला तर तीन.
दोन हजार चौदाच्या ऑगस्टात आम्ही सगळे
झोपलो ठाण्यात, उठलो पालघरात.
कोंबडं त्याच वेळेला आरवलं.
बाबांची वनपट्ट्याची फाइल ठाण्याहून निघाली,
गठ्ठ्यात बांधून, नोंदवहीत सही होऊन.
पालघरला अजून पोचायची आहे.

मी नोकरीला घणसोलीत आले
तेव्हा जन्माच्या जिल्ह्यात परत आले,
तिथून कधी गेलेच नसताना.

हे सगळं मी सोनपतीला सांगितलं
तोडक्यामोडक्या हिंदीत. ती म्हणाली,
मग तुम्ही स्वतःचं काय लिहिता?
मी म्हटलं, आजची हद्द.
ती हसली. सुपातला खडा नाल्याकडे भिरकावला.
लिहा मग माझंही, म्हणाली,
पण पेन्सिलीनं.

संध्याकाळी बेरीज करत बसले,
पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांखालची मुलं.
दोनदा केली, दोनदा वेगळी आली.
तेवढ्यात सायकलवाला समोर येऊन उभा राहिला, हात काळे,
नाव इद्रीस अन्सारी.
मॅडम, मी नाल्यापलीकडे गेलोय,
एकशे अठरात. तिकडच्या ठोंबरे मॅडमनी सकाळीच लिहून घेतलं.
इथे धरलं असेल तर काढून टाका,
उगाच दोनदा भरती नको.

धरलेलं नाही, मी म्हटलं.
नकाशा पालथा घातला.
त्याच्याकडे खोडरबर आहे का, विचारणार होते.
त्याने पंक्चरचं रबर काढून दिलं,
त्याने काही खोडलं गेलं नाही,
नुसता डाग पसरला
उत्तरेला.